सहा आठवड्यांचा हंगाम : भारतीय आइस हॉकी संघटनेची साडेतीन दशके

नवीन पनवेलला बर्फ माहीत आहे तो मासळी बाजारातल्या पेट्यांमधला आणि रसवंतीच्या ग्लासातला. आपली थंडी जानेवारीच्या पहाटे येते आणि ऊन वर चढले की निघून जाते. पण याच वसाहतीत संध्याकाळी पाच-साडेपाचला सोसायट्यांच्या आवारात चाकांचे स्केट्स बांधलेली मुले दिसतात. त्यांच्यापैकी एखाद्याने घरी येऊन "मला आइस हॉकी खेळायची आहे" असे सांगितले, तर आईवडील आधी चकित होतात आणि मग रास्त प्रश्न विचारतात : हा खेळ आपल्या देशात कुठे खेळतात, कोण खेळवते, मुलांसाठी त्यात काही आहे का? स्मरणिकेसाठी लिहिण्याचा निरोप आला तेव्हा याच तीन प्रश्नांची उत्तरे मनात धरून हा इतिहास लिहायचे ठरवले.

हा खेळ खेळवणारी संस्था म्हणजे भारतीय आइस हॉकी संघटना. २७ एप्रिल १९८९ रोजी भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. २०१४ मध्ये त्याला पंचवीस वर्षे झाली, २०२४ मध्ये पस्तीस. आकडा फार मोठा नाही. पण संघटनेच्या वाट्याला आलेला खरा हंगाम वर्षाला जेमतेम सहा ते आठ आठवड्यांचा आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तळी गोठतात आणि फेब्रुवारीत ऊन तापू लागले की मैदानाचे पाणी होते. इतक्या थोड्या दिवसांत स्पर्धा भरवायच्या, पंच तयार करायचे, मुले घडवायची आणि देशाचा संघ निवडायचा, हे काम ज्यांनी केले त्यांच्याविषयी मनात आदर ठेवूनच पुढचे वाचावे.

पूर्वपीठिका : १९२० ते १९७०

बर्फावरचे स्केटिंग आपल्याकडे प्रथम रुजले ते सिमल्यात. १९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या गृहस्थाने टेनिसच्या मैदानावर पाणी सोडून ते गोठवले आणि त्यातून सिमला आइस स्केटिंग क्लब उभा राहिला. लक्कड बाजाराच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या सावलीत ही जागा आहे. सूर्य उशिरा पोचतो म्हणून बर्फ टिकतो. खेळ सकाळी आणि संध्याकाळी, मधल्या उन्हाच्या वेळी विश्रांती. आभाळ भरून आले तर बर्फ धरत नाही आणि त्या दिवशीचे सत्र रद्द होते. शंभर वर्षे हा क्लब निसर्गाच्या मर्जीने चालत आला आहे.

योगायोग असा की, त्याच १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये आइस हॉकी पहिल्यांदा खेळली गेली. जगात हा खेळ तेव्हा बराच पुढे गेला होता. १८७५ मध्ये माँट्रियलच्या बंदिस्त रिंकमध्ये पहिला नियमबद्ध सामना झाला होता, १९०८ मध्ये पॅरिसला महासंघ स्थापन झाला होता आणि १९१९ मध्ये कॅनडाने पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कुमार गटासाठी मेमोरियल चषक सुरू केला होता. हा चषक आजही खेळला जातो. कॅनडात सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या प्रादेशिक लीग सप्टेंबरपासून वसंत ऋतूपर्यंत चालतात, एकेक संघ मोसमात साठ-सत्तर सामने खेळतो. आपल्या मुलांना एका हंगामात मिळणाऱ्या सामन्यांची संख्या यापुढे ठेवली, म्हणजे आपल्या संघटनेची सुरुवात कुठून झाली हे नीट समजते.

सत्तरचे दशक : लष्करी बूट आणि लोखंडी पाती

आइस हॉकीचे खरे घर सिमल्याच्या पुढे, लडाखमध्ये आहे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर. हिवाळ्यात झोजी ला आणि मनालीकडचे घाट बंद झाले की त्या काळी लेह जगापासून तुटून जाई. शेते गोठलेली, काम नाही, पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत. या रिकाम्या महिन्यांत गोठलेल्या तळ्यांवर खेळ सुरू झाला. त्यात पुढाकार होता लष्कराचा. १९६२ च्या युद्धानंतर १९६३ मध्ये लडाख स्काउट्स उभे राहिले होते. त्यांचे जवान आणि गावातले तरुण एकत्र खेळू लागले.

खेळायला साहित्य काय होते? लष्करी बूट होते. गावच्या लोहाराकडून लोखंडाची पाती करून घ्यायची, ती बुटाच्या तळव्याला ठोकायची, की झाले स्केट्स. पक म्हणजे या खेळातली कडक रबराची चकती. नियमाप्रमाणे ती साडेसात सेंटिमीटर व्यासाची आणि अडीच सेंटिमीटर जाडीची असते. ती कुठून आणणार? बुटाची जुनी टाच कापून तिचा पक करायचा. स्टिक मैदानी हॉकीची किंवा घरी तासलेली. गोलरक्षकाच्या पायांना जे मिळेल ते बांधायचे. अशा साहित्यावर खेळलेल्या पिढीने पुढच्या पिढीला स्केटिंग शिकवले, ही या संघटनेच्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

मैदान करण्याचे कामही हातानेच होई, आणि पुष्कळ ठिकाणी आजही होते. वाचणाऱ्या मुलांना ते मुद्दाम सांगायला हवे. तळ्यात किंवा बांध घातलेल्या सपाट जागेत एकदम पाणी भरून चालत नाही. वरचा थर आधी गोठतो, खाली पोकळी राहते आणि बर्फ तडकतो. म्हणून रात्री थंडी सर्वांत कडक असताना पातळ थर सोडायचा, तो गोठला की त्यावर दुसरा. असे कित्येक रात्री. दिवसा उघड्या डोंगरांवरून धूळ उडत येते. काळी धूळ ऊन धरते आणि तिथे बर्फ खड्ड्यासारखा वितळतो, म्हणून झाडू घेऊन सतत झाडत राहायचे. सामन्याच्या मध्यंतरात खेळाडूच फावडी घेऊन खरवडलेला बर्फ बाजूला करतात. लेहच्या करझू तळ्यावर आणि गुपुक्सला ज्यांनी अशा रात्री काढल्या, त्या सर्वांचा या संस्थेच्या स्थापनेत वाटा आहे. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

ऐंशीचे दशक : क्लब ते संघटना

१९८५ मध्ये लडाख विंटर स्पोर्ट्स क्लब सुरू झाला आणि विस्कळीत खेळाला स्पर्धेचे रूप आले. गावोगावचे संघ लेहला येऊ लागले. लष्कराचा संघ, इंडो-तिबेट सीमा पोलिसांचा संघ आणि गावांचे संघ अशा लढती होऊ लागल्या. कडाक्याच्या थंडीत तळ्याच्या काठावर उभे राहून सामने पाहणारी गर्दी लडाखमध्ये तेव्हापासून आहे.

सिमला, काश्मीर आणि लडाख अशा तीन टोकांना वाढलेला हा खेळ एका नियमाखाली आणण्याची गरज होती. त्यातून राष्ट्रीय संघटना झाली आणि १९८९ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने तिला सदस्यत्व दिले. सदस्यत्वाचा अर्थ केवळ कागदावरची मान्यता असा नाही. सदस्य देशालाच जागतिक आणि आशियाई स्पर्धांत संघ पाठवता येतो. पंचांना प्रशिक्षण मिळते, नियमपुस्तक एकच होते, वयोगट ठरतात. त्या वेळी देशात पूर्ण आकाराची एकही बंदिस्त रिंक नव्हती. छप्पर नसताना घराचा पाया घालणाऱ्या त्या कार्यकर्त्यांची दृष्टी लांबची होती.

आपल्या महाराष्ट्रासाठीही १९८९ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले ते याच वर्षी. तिथल्या बर्फाच्या लहान रिंकवर मुंबई-ठाण्याच्या कित्येक मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला. ती जागा करमणुकीची होती, हॉकीचा सामना खेळण्याइतकी मोठी नव्हती. पण बर्फावर तोल सांभाळता येतो, पडले तरी उठता येते, एवढा विश्वास तिने एका पिढीला दिला. २०२२ मध्ये ते उद्यान बंद झाले.

नव्वदचे दशक : तग धरण्याची वर्षे

या दशकाबद्दल थोडक्यात लिहावे लागते. काश्मीर खोऱ्यातली परिस्थिती अवघड होती, गुलमर्गला स्पर्धा भरवणे कठीण होते. हिवाळी खेळांना निधी देणारे कुणी नव्हते. १९९९ चे कारगिल युद्ध तर हा खेळ जिथे वाढत होता त्याच डोंगरांत झाले. अशा दिवसांत कार्यकर्त्यांनी राष्ट्रीय स्पर्धांची परंपरा जिवंत ठेवली. हवामान आणि पैसा पाहून कधी सिमला, कधी लेह असे ठिकाण ठरे. संघटनेत मतभेदही झाले असतील, ते कोणत्या संस्थेत होत नाहीत? त्यांची उजळणी करण्याचे हे स्थळ नव्हे. खेळ थांबला नाही, हे महत्त्वाचे.

याच दशकात, १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये मनालीजवळचा सोळा वर्षांचा शिव केशवन ल्यूज या प्रकारात भारताकडून उतरला. तो खेळ वेगळा असला तरी बर्फावरच्या खेळात भारताचा कुमारवयीन खेळाडू जगासमोर उभा राहू शकतो, हे त्याने दाखवले. हिवाळी खेळांतल्या सर्वच संघटनांना त्याचा आधार वाटला.

२००० ते २०१० : परदेशातून आलेल्या पेट्या आणि अबुधाबी

नव्या शतकात लडाखच्या हॉकीची बातमी बाहेर पोचली. दिल्लीतल्या कॅनडाच्या उच्चायुक्तालयातली मंडळी हौसेने लेहला येऊन स्थानिक संघांशी मैत्रीचे सामने खेळू लागली. कॅनडा आणि अमेरिकेतून वापरलेल्या साहित्याच्या पेट्या येऊ लागल्या : स्केट्स, शिरस्त्राणे, हातमोजे, नडगीची कवचे, गोलरक्षकाचे जाड पॅड. त्यातले बरेच आकाराने मोठे असत. मुले दोन-तीन मोजे चढवून ते बूट घालत. पण बुटाला पाती ठोकण्याचे दिवस संपले.

या साहित्यामुळे खेळातही फरक पडला. खऱ्या स्केटच्या पात्याला दोन धारा असतात, मध्ये बारीक खोलगट चर असतो. त्या धारांवर कलून वळता येते आणि पाते आडवे घालून बर्फ खरवडत जागच्या जागी थांबता येते. घरगुती पात्यांवर हे जमत नसे. शिरस्त्राण आणि तोंडावरची जाळी आल्यावर लहान मुलांना खेळायला पाठवताना आयांचा जीव कमी घाबरू लागला. धार लावण्याचे यंत्र मात्र दुर्मिळ होते. एका यंत्रापुढे अख्ख्या स्पर्धेचे बूट रांगेत लागत.

मार्च २००९ मध्ये, सदस्यत्व मिळाल्यानंतर तब्बल वीस वर्षांनी, भारताचा राष्ट्रीय पुरुष संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. स्पर्धा होती आशियाई चॅलेंज चषक आणि ठिकाण अबुधाबी. वाळवंटातल्या शहरात छपराखाली जमवलेला बर्फ आणि त्यावर हिमालयातून आलेली मुले. त्यांच्यातल्या अनेकांचा कृत्रिम बर्फावरचा तो पहिलाच अनुभव. पूर्ण उंचीची फळी भोवती असलेल्या साठ मीटर लांबीच्या रिंकवर खेळ वेगळाच होतो. पक फळीवर आपटून परत येतो, कोपऱ्यात अंगाला अंग भिडते, पळायला वाव नसतो. तळ्याच्या काठाला गुडघाभर उंचीची लाकडे लावून खेळलेल्यांना याची सवय कुठून असणार? पराभव मोठ्या फरकाने झाले. पण संघ गेला, खेळला आणि काय शिकायचे आहे ते पाहून परत आला. वीस वर्षांच्या कामाचे ते पहिले फळ होते, आणि म्हणून मी त्या पराभवांची नोंद अभिमानाने करतो.

२०१० ते २०२० : छप्पर, लोकवर्गणी आणि मुली

जानेवारी २०११ मधल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने देहरादूनच्या महाराणा प्रताप क्रीडा महाविद्यालयात देशातली पहिली पूर्ण आकाराची बंदिस्त रिंक झाली. २०१२ मध्ये तिथे आशियाई चॅलेंज चषकाच्या दुसऱ्या गटाची स्पर्धा भरली आणि भारताने पहिल्यांदा घरच्या छपराखाली यजमानपद केले. तो आनंद फार काळ टिकला नाही. अशी रिंक वर्षभर उणे चार-पाच अंशांवर ठेवायची तर विजेचा खर्च प्रचंड येतो. तो पेलला नाही आणि रिंक बंद पडली. पुढची कित्येक वर्षे देशाचे खेळाडू पुन्हा तळ्यांवर आले. रिंक बांधणे हा एकदाचा खर्च असतो, चालवणे हा रोजचा. महाराष्ट्रात रिंकची मागणी करताना हा धडा डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१५ मध्ये कुवेतच्या स्पर्धेला जायला संघाकडे पैसे नव्हते. संघटनेने समाजमाध्यमांवरून लोकांना हाक दिली आणि लोकांनी वर्गणी दिली. मुंबईचे उद्योगपती आनंद महिंद्रा यांनीही हात पुढे केला. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नव्हता अशा माणसांनी शंभर, पाचशे, हजार रुपये पाठवून एक राष्ट्रीय संघ विमानात बसवला.

आणि मग मुली आल्या. खरे तर त्या आधीपासून होत्या. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या सेकमोल या शिक्षण चळवळीच्या फे गावाजवळच्या आवारात मुले-मुली हिवाळ्यात बर्फ जमवून खेळत. लेहच्या मोठ्या स्पर्धांत मात्र मुलींना बर्फ मिळे तो पुरुषांच्या सामन्यांच्या फटीत. बूट भावाचे, पॅड मागून आणलेले. एका मुलीचा सामना संपला की तिने काढलेले साहित्य दुसरीने चढवायचे. या मुलींनी आणि त्यांना शिकवणाऱ्या जुन्या खेळाडूंनी हट्ट सोडला नाही.

मार्च २०१६ मध्ये भारताचा महिला संघ तैपेई इथे पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बर्फावर उतरला. त्या संघाच्या प्रवासासाठीही लोकवर्गणी झाली. पुढच्याच वर्षी, मार्च २०१७ मध्ये बँकॉकला रिंचेन डोल्माच्या नेतृत्वाखाली या संघाने फिलिपिन्सला ४-३ असे हरवले. भारतीय महिलांचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. एका गोलाच्या फरकाने आला, आणि म्हणून अधिक गोड. गोलरक्षक नूरजहाँ, पुढे कर्णधार झालेली त्सेवांग चुस्कित आणि त्यांच्या सहकारी आज लडाखच्या घराघरांत परिचित आहेत.

जानेवारी २०१८ मध्ये कॅनडाची चार वेळा ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेली हेली विकेनहायझर लेहला आली, मुलींबरोबर खेळली आणि त्याच वर्षी तिने भारतीय संघाला कॅलगरीतल्या आपल्या महोत्सवासाठी बोलावले. तळ्यावर शिकलेल्या मुली कॅनडाच्या रिंकमध्ये तिथल्या मुलींशी खेळल्या. लडाखच्या चांगथांगमधल्या चिब्रा करग्याम इथे चार हजार तीनशे मीटरांहून अधिक उंचीवर सामना झाला तोही त्याच हिवाळ्यात. आइस हॉकीचा सर्वांत उंचावरचा सामना म्हणून तो जगभर गाजला.

२०२० नंतर : लीग आली

२०२० मध्ये खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा सुरू झाल्या, लडाख आणि गुलमर्ग अशा दोन ठिकाणी. त्यामुळे राज्यांचे संघ, प्रवासखर्च, निवास आणि दूरचित्रवाणीवरचे प्रक्षेपण या गोष्टी पहिल्यांदा नियमित झाल्या. हिमाचलमध्ये स्पितीतल्या काझा इथे नव्या रिंकवर मुलांची शिबिरे भरू लागली आणि जानेवारी २०२२ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा तिथे झाली. जिथे काही वर्षांपूर्वी या खेळाचे नाव नव्हते त्या खोऱ्यातल्या मुली आज राष्ट्रीय शिबिरांना येतात.

जानेवारी २०२४ मध्ये लेहच्या नवांग दोर्जे स्तोब्दान मैदानावर रॉयल एनफील्डच्या साहाय्याने पहिली आइस हॉकी लीग खेळली गेली, पुरुषांची आणि महिलांचीही. एका प्रदेशाची, साखळी पद्धतीची, दरवर्षी होणारी स्पर्धा हे या खेळातल्या सर्वांचे जुने स्वप्न होते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक सामना हरला की मुलाचा हंगाम संपतो. लीगमध्ये आज हरले तरी परवा पुन्हा उभे राहायचे असते. खेळाडू घडतो तो या दुसऱ्या सामन्यात. म्हणून मी या लीगला गेल्या दशकातली सर्वांत महत्त्वाची घटना मानतो. लडाख प्रशासन आणि त्याचे सहकारी २०४२ च्या हिवाळी ऑलिंपिकवर नजर ठेवून आराखडा आखत आहेत. त्या वर्षी पंचविशीत असतील ती मुले आज प्राथमिक शाळेत आहेत.

२०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे भारतीय महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी देहरादूनची रिंक 'हिमाद्री' या नावाने पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची आशियाई स्पर्धा झाली. बाहेर पावसाळा, आत बर्फ. भारतीय खेळाडूला उन्हाळ्या-पावसाळ्यात देशातच बर्फ मिळणे ही साधी सोय नव्हे. सहा आठवड्यांचा हंगाम लांबवण्याचा तोच एक मार्ग आहे, कारण डोंगरांतले हिवाळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. सिमल्याच्या क्लबला पूर्वीइतकी सत्रे आता मिळत नाहीत. लेहलाही तळी उशिरा धरतात आणि लवकर सुटतात.

सध्याचे कार्य : मुलांचा हंगाम

आज संघटनेच्या छत्राखाली पुरुष व महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धांबरोबर अठरा आणि वीस वर्षांखालील गटांच्या स्पर्धा होतात. महाराष्ट्रातल्या मुलांचा मार्ग याच गटांतून जातो, म्हणून त्यांचा हंगाम कसा असतो ते सविस्तर सांगतो.

आपल्याकडच्या मुलाचा हंगाम पावसाळा संपताच चाकांवर सुरू होतो. इनलाइन स्केट्सवर तोल, वळणे, उलटे स्केटिंग आणि स्टिकने चेंडू किंवा पक सांभाळणे हे सगळे सिमेंटच्या रिंकवर शिकता येते. शिकता येत नाही ते थांबणे. चाके आडवी घातली तर ती घसरत नाहीत, अडकतात. बर्फावर मात्र पाते आडवे घातल्याशिवाय थांबताच येत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातून गेलेल्या मुलाचा पहिला दिवस फळीवर जाऊन आदळण्यात जातो. दोन-तीन दिवसांत अंगाला ते कळते आणि मग चाकांवर कमावलेला वेग कामी येतो.

दुसरी अडचण हवेची. लेहला विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यायची, जिना चढतानाही दम लागतो. समुद्रकाठच्या मुलाला साडेतीन हजार मीटरवर पूर्ण जोर लावून पळणे पहिल्या आठवड्यात जमत नाही. ओठ फुटतात, पाण्याची बाटली गोठते. पण या खेळाची रचना त्याला मदत करते. बर्फावर एका वेळी गोलरक्षकासह सहाच खेळाडू असतात आणि पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळले की पुढची तुकडी उतरते. वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांत ही अदलाबदल चालू राहते. त्यामुळे संघातल्या शेवटच्या मुलालाही बर्फ मिळतो. पालकांना मी हे आवर्जून सांगतो. या खेळात सहसा कुणी दिवसभर बाकावर बसून राहत नाही.

स्पर्धा संपते आणि फेब्रुवारीत मुले घरी येतात. मैदान ज्या पाण्याचे झाले होते ते झऱ्यांतून शेतांकडे जाते. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या स्केटिंगपटूंनी पदके मिळवली आहेत, आणि त्यांच्यातले बहुतेक अशाच सिमेंटच्या रिंकवर, चाकांवर तयार झालेले आहेत. नवीन पनवेलच्या मुलांना हा रस्ता खुला आहे.

या सगळ्या वाटचालीत पदाधिकारी, जवान, पंच, शिक्षक, मैदान झाडणारे, साहित्याच्या पेट्या खांद्यावरून वाहणारे, चहा करून देणाऱ्या गावच्या बायका अशा असंख्य हातांचे श्रम आहेत. लष्कर आणि सीमा पोलिसांनी केवळ संघ दिले नाहीत, मैदाने दिली, वाहने दिली, डॉक्टर दिले. संघटना त्या सर्वांची ऋणी आहे.

शेवटी वाचकांना एक विनंती. हा खेळ एकाने काढलेले बूट दुसऱ्याने घालण्यावर वाढला आहे. दहा ते पंधरा या वयात मुलाचा पाय दरवर्षी मोठा होतो आणि गेल्या वर्षीचे स्केट्स माळ्यावर जातात. आपल्या घरी लहान झालेले स्केट्स, शिरस्त्राण, कोपर-गुडघ्याची कवचे असतील, तर ती भंगारात घालू नका. चाके झिजलेली असली तरी चालतील, चाके बदलता येतात. ती पुसून, जोडी बांधून, आत आकाराची चिठ्ठी घालून दिवाळीपूर्वी स्मरणिका समितीकडे आणून द्या. त्याच आकाराचा पाय असलेले मूल याच वसाहतीत वाट पाहत आहे.